गाडीवरचं खाताना बघायचं एकच: शेवटची आच कधी लागली

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवाळीच्या सुट्टीत, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, आठ दिवस थायलंड. अर्धे दिवस बँकॉक, अर्धे चियांग माय. सोबत नवरा, सहा वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंना मधुमेह आहे आणि त्या शाकाहारी आहेत, बाकी तिघं सगळं खाता. तुम्हाला रस्त्यावरचं खायचंय, नातेवाईक मात्र ‘फक्त इंडियन रेस्टॉरंटातच जेवा’ म्हणून मागे लागलेत. आणि शेवटी विचारलंयत की पुण्यात आम्ही दर आठवड्याला पाणीपुरी खातो, म्हणजे आमची पोटं तयारच असतील ना?

खा, अगदी जरूर खा. तिथलं उत्तम अन्न बऱ्याच अंशी रस्त्यावरच शिजतं, आणि आठ दिवस पनीर आणि दाल फ्राय खाऊन परत येण्यात काही अर्थ नाही. फक्त ‘स्वच्छ गाडी कशी ओळखायची’ हा तुमचा प्रश्न मी जरा बदलून घेते. हॉटेलांची, कँटीनांची, खाऊगल्ल्यांची स्वयंपाकघरं तपासणं हे माझं रोजचं काम आहे, आणि त्यात दिसण्यावरून मत बनवणं सगळ्यात आधी सोडावं लागतं. चकचकीत स्टीलच्या ट्रेमध्ये तीन तास कोमट पडलेली करी आणि काळ्याकुट्ट कढईतून आत्ता ताटलीत आलेल्या नूडल्स, यांत नूडल्स कितीतरी सुरक्षित. म्हणून प्रत्येक गाडीसमोर मनात दोनच प्रश्न ठेवा. या पदार्थाला शेवटची आच कधी लागली? आणि त्यानंतर त्याला कशाकशाचा हात लागला?

हे का, ते सांगते. शिजलेलं अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली थंड असेल तर त्यात जंतूंची वाढ जवळजवळ थांबते. मधल्या पट्ट्यात ते वाढतात, आणि ३० ते ४० अंशांना तर झपाट्यानं. मनाजोगतं अन्न आणि ऊब मिळाली की काही जंतू वीसेक मिनिटांत दुप्पट होतात, म्हणजे तीन तासांत एकाचे पाचशे. म्हणून शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये असा नियम आहे, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. बँकॉकची नोव्हेंबरातली दुपार तेवढी सहज तापते. यासाठी थर्मामीटर घेऊन फिरायची गरज नाही. ६० च्या वरचा घास फुंकर मारल्याशिवाय तोंडात धरवत नाही. पहिलाच घास सहज गिळता आला, तर पदार्थ कोमट आहे असं समजा.

इथे एक गैरसमज लगेच दूर करते. कोमट दिसलं की आपण म्हणतो, ‘जरा परत गरम करून द्या.’ गरम केल्यानं जंतू मरतात, पण काहींनी आधीच तयार करून ठेवलेलं विष मरत नाही. भातात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू असतो. त्याचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली सुप्त रूपं, भात शिजतानाच्या उकळीतूनही वाचतात, भात कोमट राहिला की उगवतात आणि उलटी घडवणारं विष सोडतात. ते विष नंतरच्या परतण्यानं जात नाही. हातावरच्या, नाकातल्या स्टॅफिलोकॉकस या जंतूचंही तसंच. म्हणून सकाळचा भात संध्याकाळी कढईत कितीही जोरात परतला तरी तो सकाळचाच. फ्राइड राइस घ्यायचा तर भाताचा कुकर किंवा डबा वाफाळता आहे ना, एवढं बघून घ्या.

आता पाणीपुरीचं. तुमच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. आपल्याकडे राहणाऱ्या प्रौढांना ई-कोलाय या आतड्यातल्या जंतूच्या काही प्रकारांची ओळख झालेली असते, त्यामुळे युरोपातून पहिल्यांदा आलेल्या माणसापेक्षा तुमचं पोट बरं टिकेल. पण ही ओळख त्या त्या प्रकारापुरतीच असते. थायलंडमध्ये प्रवाशांच्या जुलाबांमागे कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू बराच सापडतो, तो मुख्यतः कच्च्या किंवा अर्ध्या कच्च्या कोंबडीतून येतो, आणि तुमच्या पाणीपुरीवाल्यानं त्याची तयारी करून घेतलेली नसते. उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसविरुद्धची प्रतिकारशक्ती तर फार काळ टिकतच नाही. तुमच्या मुलीची अशी तयारी अजून व्हायचीच आहे. आणि हे वाचणाऱ्यांपैकी जे कित्येक वर्षं अमेरिकेत किंवा लंडनला आहेत, त्यांनी तर पुण्यातल्या बालपणावर मुळीच विसंबू नये. ती सवय काही वर्षांत उतरते.

एक गाडी जवळून बघू, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. पाद थायची घ्या. भिजवलेल्या तांदळाच्या शेवया, तोफू, अंडं, सुकी कोळंबी, चिंचेचा कोळ, पाम साखर, सगळं तापलेल्या लोखंडी कढईत पडतं आणि चरचरत दोन-तीन मिनिटांत ताटलीत येतं. इथवर काहीच अडचण नाही. आता ताटलीच्या कडेला बघा. मूठभर कच्चे मोड, कच्ची पात, केळफुलाचा तुकडा, लिंबाची फोड. यांना आच लागलेलीच नाही. मोड तर ऊब आणि ओलाव्यात वाढवलेले असतात, म्हणजे मोडाबरोबर जंतूंचीही मशागत झालेली असते. उपाय साधा: मोडांकडे बोट दाखवा, मग कढईकडे. तो ते कढईत टाकून परतून देतो, आणि चवीलाही छान लागतात. ताटली ओली असेल तर कागदानं कोरडी करून घ्या किंवा पार्सलच्या नव्या डब्यात मागा. ज्या हातानं पैसे घेतले त्याच हातानं पात ठेवली जातेय का, तेही दिसेल. गाडी चांगली की वाईट असा एकच शेरा मारता येत नाही. एकाच ताटलीत सुरक्षित आणि असुरक्षित शेजारी शेजारी बसलेलं असतं.

याच नजरेनं बघितलं की काही पदार्थ जवळजवळ डोळे झाकून खाण्यासारखे निघतात. खानोम क्रोक म्हणजे तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध घालून केलेले छोटे गोड-खारे आप्पे. पात्रही अगदी आपल्या आप्पेपात्रासारखं. गरम असतानाच खायचे, डब्यात झाकून ठेवलेले नाहीत. रोती: पिठाचा गोळा हवेत फिरवून पातळ करतात, तव्यावर केळं घालून घडी करतात, वर डब्यातलं कंडेन्स्ड दूध. सासूबाईंसाठी ‘माय साय खाय’, म्हणजे अंडं नको, म्हणायचं, आणि दूध घालू नका असं हातानं सांगायचं, कारण साखर बरीच असते. तळलेली केळी. चोक, म्हणजे गुरगुट्या भातासारखी तांदळाची पेज, सकाळी मोठ्या पातेल्यात रटरटत असते. त्यात अर्धंकच्चं अंडं फोडून देतात, ते मुलीसाठी नको म्हणा. चियांग मायचं खाओ सोय, नारळाच्या दुधातल्या पिवळ्या रश्श्यात नूडल्स, रस्सा उकळता असेल तर उत्तम. खाओ खा मू, दिवसभर मंद उकळत्या मसाल्यात शिजणारं डुकराचं मटण, हेही भांडं उकळत असेतोवर बिनघोर.

नावांवरून सामिष कुठलं ते कळण्यासाठी चार शब्द पाठ करा: मू म्हणजे डुक्कर, नुआ म्हणजे गोमांस, गुंग म्हणजे कोळंबी, प्ला म्हणजे मासा. आणि ‘गाइ’ लिहिलं-बोललं तर ती कोंबडी. मराठी कानाला ते वेगळं वाटतं, म्हणून आधीच सांगून ठेवते. ‘बोट नूडल्स’च्या (हे बोट म्हणजे इंग्रजीतली होडी) काळसर रश्श्यात बहुतेक ठिकाणी रक्त घातलेलं असतं, हेही माहीत असू द्या.

काड्यांवरचं भाजलेलं मांस, मू पिंग आणि तत्सम, याला जरा जास्त वेळ देऊन बघावं लागतं. निखाऱ्यावरचं आहे म्हणजे सुरक्षित, असं सगळे धरून चालतात. पण त्यावर नारळाचं दूध लावायचा ब्रश कच्च्या काडीवरूनही फिरतो आणि तयार काडीवरूनही. चिमटाही एकच. शिवाय गर्दीच्या वेळी काड्या आधी अर्ध्या भाजून बाजूला ठेवलेल्या असतात आणि गिऱ्हाईक आलं की फक्त वरून गरम होतात. तुमची काडी पूर्ण भाजून झाल्यावर आणखी एक मिनिट निखाऱ्यावर ठेवायला सांगा, म्हणजे ब्रशनं शेवटी लावलेलंही भाजलं जाईल. पहिली काडी मध्ये तोडून बघा. आत गुलाबी, बुळबुळीत दिसलं तर परत द्या, कुणी रागवत नाही. तयार काड्या कच्च्या मांसाच्याच ट्रेमध्ये परत ठेवल्या जात असतील तर मात्र पुढच्या गाडीवर जा.

खाओ मान गाइ, म्हणजे उकडलेली कोंबडी आणि भात, हा थायलंडचा फार लाडका पदार्थ, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात जपून निवडायचा. कोंबडी उकडून काचेच्या कपाटात टांगलेली असते, तिथे ती हळूहळू हवेच्या तापमानाला येते. मागणी आली की लाकडी ओंडक्यावर सुऱ्यानं तुकडे होतात, त्याच ओंडक्यावर काकडी कापली जाते. म्हणजे शेवटची आच तासाभरापूर्वी किंवा चार तासांपूर्वी, आणि नंतर हात, सुरा, लाकूड, फडकं असे चार स्पर्श. दुपारी साडेअकरा-बाराला, जिथे दर पाच-दहा मिनिटांना नवी कोंबडी टांगली जातेय, तिथे मी खाईन. दुपारी चारला त्याच दुकानात नाही. काकडी बाजूला काढा. सोबतच्या गरम सूपला हरकत नाही.

हीच घड्याळाची गोष्ट ट्रेमधल्या भाजी-भाताला, खाओ गाएंगला, लागू होते. हे पदार्थ पहाटे शिजतात आणि दुपारपर्यंत मांडलेले असतात. नारळाच्या दुधाची करी तर आपल्याकडच्या नारळाच्या रसाच्या आमटीसारखीच लवकर नासते. खाली वाफेचं पाणी असलेलं टेबल असेल आणि ट्रेमधून वाफ येत असेल तर ठीक. नुसतेच ट्रे असतील तर सकाळी लवकर, फार तर ११ पर्यंत. त्यानंतर कढईवाल्याकडे जा. संध्याकाळच्या बाजारात उलट: गाडी लागल्या लागल्या निखारे धड पेटलेले नसतात, आणि बंद होताना उरलेला माल खपवायचा असतो. सुरू झाल्यापासून तासाभरानंतरचे दोन तास सगळ्यात चांगले. बँकॉकमध्ये यावरातच्या चायनाटाउनला, चियांग मायमध्ये चांग फुआक दरवाजाजवळच्या बाजारात किंवा रविवारच्या पदपथ-बाजारात याच हिशेबानं जा. यावरातचे बरेच गाडे सोमवारी नसतात.

‘जिथे गर्दी तिथे खा’ हा सल्ला बरोबर आहे, पण कारण नीट समजून घ्या. गर्दीमुळे माल पडून राहत नाही, एवढाच तिचा उपयोग. फोटो काढायला जमलेली पर्यटकांची रांग आणि दुपारी गळ्यात ओळखपत्र अडकवून आलेली ऑफिसातली माणसं, यांत दुसरी रांग धरा. रोज तिथे जेवणारा माणूस आजारी पडला तर दुसऱ्या दिवशी येत नाही. आणि फार झुंबड असेल तर विक्रेता घाई करतो, मांस कच्चं राहतं, हात धुवायला फुरसत मिळत नाही. एकाच पदार्थाची गाडी असेल तर आणखी चांगलं: सामान कमी, गोंधळ कमी.

आता नको म्हणायच्या गोष्टी. त्यांत मी फारशी सूट देत नाही.

सोम ताम, कच्च्या पपईची कोशिंबीर, उखळात कुटून देतात. ‘सोम ताम थाय’ म्हणजे शेंगदाणे आणि सुकी कोळंबी घातलेली. तुम्ही आणि नवरा ती एखाद्या चांगल्या जागी खाऊ शकता, उखळ आणि हात बघून. पण ‘पू’ असेल तर त्यात खारवलेला कच्चा खेकडा असतो आणि ‘प्ला रा’ असेल तर आंबवलेला मासा, ते टाळा. पूर्ण आच न लागलेल्या गोष्टी सासूबाई आणि मुलीला देऊ नका, म्हणजे सोम ताम मुळीच नाही.

मासळीच्या सॉसमध्ये कच्ची कोळंबी, कच्ची कालवं, रात्रीच्या बाजारातली स्वस्त सुशी: नको. कालवं पाणी गाळून जगतात, त्यामुळे पाण्यात जे असेल ते त्यांच्यात साठतं, नोरोव्हायरससुद्धा. ‘लिंबानं शिजतं’ हे खरं नाही. लिंबानं मांसाचा रंग आणि पोत बदलतो, जंतू आणि कृमी सगळे मरत नाहीत. तिखटानंही नाही आणि वरून घेतलेल्या दारूनंही नाही.

चियांग मायला ‘लाब दिप’ मिळतं. ‘लाब’ म्हणजे मसाला घातलेला मांसाचा खिमा. ‘दिप’ म्हणजे कच्चं. कच्च्या डुकराच्या मांसातून आणि रक्तातून स्ट्रेप्टोकॉकस सुइस या जंतूचा संसर्ग माणसाला होतो, त्यातून मेंदूज्वर होऊ शकतो आणि बरं झाल्यावरही बहिरेपण राहू शकतं. ‘लाब सुक’ म्हणजे शिजवलेलं, ते मागा. ईशान्य भागातल्या पद्धतीचा ‘कोइ प्ला’, गोड्या पाण्यातल्या कच्च्या माशाचा, हा तर चाखूनही बघू नका. त्यातली यकृतातली कृमी वर्षानुवर्षं शरीरात राहते आणि पित्तनलिकेच्या कर्करोगाचं सिद्ध कारण आहे. जुलाब आठवड्यात थांबतात, हे तसं नाही.

बांगड्यासारखा मासा, तिथला प्ला थू, टोपल्यांतून वाफवून विकतात. बांगडा उन्हात राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं आणि शिजवल्यानं ते जात नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात तोंड लाल, खाज, डोकं दुखणं असं झालं तर ते हेच. कोकणातल्या माणसाला ताजा बांगडा ओळखायला शिकवायला नको. तीच नजर तिथे वापरा. मासा जिभेला टोचल्यासारखा, मिरपूड लागल्यासारखा लागला तर ताबडतोब थांबा. आणि ज्यांना कोळंबीची ॲलर्जी आहे त्यांनी तळलेले किडे हौसेखातरही खाऊ नयेत, तीच ॲलर्जी उसळू शकते.

पाणी आणि बर्फ. पाणी सीलबंद बाटलीचं. सासूबाईंनी आणि मुलीनं दातही त्याच पाण्यानं घासावे. बर्फाबाबत थायलंड बरा आहे. मधोमध भोक असलेला नळीसारखा बर्फ कारखान्यात शुद्ध पाण्यापासून बनतो. चुरा केलेला बर्फ मात्र मोठ्या लाद्या फोडून केलेला असू शकतो, आणि लाद्या रस्त्यावरून, गोणपाटातून ओढत येतात. तो नको. नळीचा बर्फ असला तरी पेटीत डोकवा. त्याच बर्फात बाटल्या किंवा मासे गाडलेत का? तो दांड्याच्या डावानं काढतात की पेल्यानंच उपसतात? मन घेत नसेल तर ‘माय साय नाम खेंग’, बर्फ नको. सासूबाई आणि मुलीसाठी आठही दिवस हेच.

फळांच्या गाडीवरची कापलेली फळं काचेत बर्फावर मांडलेली असतात, दिसायला अगदी देखणी. पण खालचं वितळलेलं पाणी, पुसायचं फडकं आणि पैसे घेणारा हातमोजा या तीन गोष्टी बघा. हातमोजा घातलाय म्हणजे हात स्वच्छ, असं नाही. त्याच मोज्यानं नोट घेतली तर तो हातापेक्षाही वाईट, कारण तो धुतला जात नाही. अख्खं फळ दाखवून तुमच्यासमोर सोलायला सांगा, नाहीतर केळी, संत्री, पपनस घेऊन खोलीवर सोला. शहाळं समोर फोडून घेतलं तर उत्तम. आंबा आणि चिकट भात मिळेल, पण आंब्याचा खरा हंगाम मार्च ते मे आहे. भातावर ओतायचं नारळाचं दूध किती वेळ बाहेर आहे, तेवढं बघा.

टेबलावर चार बरण्या असतात: साखर, सुकं तिखट, मिरची घातलेला मासळीचा सॉस, मिरची घातलेलं व्हिनेगर. कोरडं, खारट, आंबट, त्यामुळे यांची भीती नाही. कच्च्या पाल्याच्या टोपलीकडे मात्र हात नेऊ नका. बऱ्याच फूड कोर्टांत चमच्यांजवळ उकळत्या पाण्याचं भांडं ठेवलेलं असतं. चमचा त्यात दहा-पंधरा सेकंद धरा, तो त्यासाठीच आहे. आणि खाण्याआधी हात साबणानं धुवा, कागदी साबणाची डबी पर्समध्ये ठेवा. सॅनिटायझरचा नोरोव्हायरसवर फारसा परिणाम होत नाही.

सासूबाईंच्या शाकाहाराचा प्रश्न स्वच्छतेशीच येऊन भिडतो, म्हणून वेगळा सांगते. तिथे नुसतं ‘भाजी’ म्हटलं तरी मासळीचा सॉस, ऑयस्टर सॉस, करीच्या वाटणात कोळंबीचं वाटण असतं. शब्द लक्षात ठेवा: ‘जे’. पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षर, इंग्रजी १७ सारखं दिसणारं. ‘जे’ म्हणजे मांस, मासे, अंडं, दूध नाही, शिवाय कांदा-लसूणही नाही. अडचण ही की ‘जे’ची दुकानं बहुतेक ट्रेमधल्या पदार्थांची असतात, म्हणून तिथे सकाळीच जा. संध्याकाळी कढईवाल्याकडे तोफू आणि भाज्या ‘जे’ पद्धतीनं परतून मागा. चहा-सरबताला ‘माय वान’, गोड नको, म्हणायला विसरू नका.

त्यांच्याबाबत दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्या रोज सकाळी ॲसिडिटीची पँटोप्राझोलसारखी गोळी घेतात का? आपल्याकडे पुष्कळ लोक वर्षानुवर्षं घेतात. पोटातलं आम्ल हा जंतूंविरुद्धचा पहिला पहारा, आणि ही गोळी तो उठवते. गोळी बंद करावी की नाही हे डॉक्टर ठरवतील, पण विचारा. त्याच भेटीत हेही विचारा की जुलाब-उलट्या लागल्या तर मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळ्या आणि रक्तदाबाच्या पाणी उतरवणाऱ्या गोळ्या त्या दिवशी थांबवायच्या का. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना त्या घेत राहणं धोक्याचं ठरू शकतं. इन्सुलिन असेल तर मनानं बंद करायचं नाही. हे उत्तर कागदावर लिहून घ्या.

हे सगळं पाळूनही एखाद्याचं पोट बिघडू शकतं. धोका शून्यावर येत नाही, कमी होतो. वय, औषधं, त्या दिवशीचा विक्रेता, किती खाल्लं, सगळ्यावर अवलंबून. नातेवाईकांनाही सांगा की इंडियन रेस्टॉरंटातला बुफे किंवा हॉटेलातला सकाळचा नाश्ता हा ट्रेमधला पदार्थच आहे. नाश्त्याला दार उघडताच गेलात तर चांगला, साडेनऊला गेलात तर तीन तासांचा. पहिले दोन दिवस थोडं थोडं खा. तिखट, नारळाचं दूध आणि खूप फळं यांनीच पोट सैल होतं, तो संसर्ग नसतो. आणि विमानाच्या आदल्या दिवशी नवं काही खाऊन बघू नका.

सोबत न्यायचं: ओआरएसची एक लिटरची दहा पाकिटं, मुलीसाठी झिंकच्या गोळ्या (२० मिलिग्रॅम, दिवसाला एक, १० ते १४ दिवस) आणि थर्मामीटर. दुकानात मिळणारे फळांच्या चवीचे गोड डबे ओआरएस नव्हेत. पाकिटावर प्रति लिटर ग्लुकोज १३.५ ग्रॅम आणि मीठ २.६ ग्रॅम लिहिलेलं हवं. हे प्रमाण नेमकं असतं, कारण आतड्यात ग्लुकोजच्या आधारानं मीठ आणि त्यामागून पाणी शोषलं जातं. साखर वाढली तर उलट पाणी आतड्यात ओढलं जातं. म्हणून पूर्ण पाकीट पूर्ण लिटरमध्ये, निम्मं-अर्धं नाही. मधुमेह आहे म्हणून सासूबाईंना ओआरएस नाकारू नका. त्यात कोल्ड्रिंकपेक्षा कितीतरी कमी साखर असते. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ.

मुलीला प्रत्येक जुलाबानंतर १०० ते २०० मिलिलिटर. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा. घाईनं पेलाभर पाजला की परत उलटी होते आणि ‘काही टिकत नाही’ असं वाटतं.

जुलाब थांबवायची लोपेरामाइड प्रौढांनीच, आणि ताप किंवा शौचात रक्त नसेल तरच. मुलीला मुळीच नाही. आपल्याकडे ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी बॅगेत टाकायची पद्धत आहे. थायलंडमध्ये ती बऱ्याचदा निरुपयोगी ठरते, कारण तिथल्या कॅम्पायलोबॅक्टरवर ऑफ्लॉक्सासिनच्या गटातली औषधं चालेनाशी झाली आहेत. जड आजारासाठी ॲझिथ्रोमायसिन वापरतात, पण ते आणि त्याचा डोस डॉक्टरांकडून लिहूनच न्या. साध्या जुलाबाला अँटिबायोटिक लागत नाही.

काय खाल्लं म्हणून झालं, याचा अंदाज वेळेवरून येतो. खाल्ल्यापासून एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर बहुधा विष, भात किंवा हाताळलेल्या पदार्थातलं, आणि ते दिवसभरात ओसरतं. बारा ते अठ्ठेचाळीस तासांत उलट्या-जुलाब, तर नोरोव्हायरसचा विचार करा. मग घरातल्या इतरांनी हात आणि बाथरूम जपायचं. कॅम्पायलोबॅक्टरला दोन ते पाच दिवस लागतात, म्हणून ‘काल रात्रीच्या गाडीमुळे झालं’ हा आरोप पुष्कळदा चुकीच्या गाडीवर जातो.

डॉक्टरकडे लगेच कधी जायचं: शौचात रक्त, १०१ च्या वर ताप, सहा तास पाणीही टिकत नसेल, मुलीला सहा-आठ तास लघवी झाली नसेल किंवा ती सुस्तावली असेल, सासूबाईंना उभं राहिल्यावर चक्कर येत असेल किंवा साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली असेल. रुग्णवाहिकेचा क्रमांक १६६९, पर्यटक पोलिसांचा ११५५, तिथे इंग्रजी चालतं. विम्यासाठी सगळ्या पावत्या ठेवा.

निघण्याआधी लसींचं बघा. टायफॉइडची लस निदान दोन आठवडे आधी हवी. हिपॅटायटिस ए आपल्या आधीच्या पिढीला लहानपणीच होऊन गेलेला असायचा. शहरात वाढलेल्या तिशीतल्या लोकांना आता तसं गृहीत धरता येत नाही, म्हणून तुम्ही दोघं डॉक्टरांना विचारा. मुलीचं लसीकरणाचं कार्ड काढून बघा, दोन्ही आधीच दिलेल्या असू शकतात. हिपॅटायटिस ए ची लक्षणं दिसायला पंधरा ते पन्नास दिवस लागतात, टायफॉइडलाही आठवडा ते तीन आठवडे. परत आल्यावर दोन महिन्यांत कुणालाही ताप, कावीळ किंवा न थांबणारे जुलाब झाले, तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की आम्ही थायलंडला जाऊन आलोय.